उलटी केरसुणी

मितो, ९ नोव्हेंबर १९५९

ती. इकुयोताईस शि. सा. न. वि. वि.

मी सुटले गं ताई! मुलगी झाली. शुक्रवारी पहाटे कळा सुरू झाल्या, त्या संध्याकाळपर्यंत. पोर अगदीच किडमिडी आहे, दूध धड ओढत नाही. सुईण रोज येऊन तिला तोलून बघते. मला फार भीती वाटते.

आणि बाबा कुठे राहिले? सुखरूप सुटका व्हावी म्हणून नवी केरसुणी माझ्या पोटावरून फिरवायला शुक्रवारी स्वतः येताहेत, असं तूच लिहिलंस ना? विजेवर केर काढायची यंत्रं विकणाऱ्या शुन्जीशी लग्न केलं म्हणून तेव्हापासून त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही. मी दर कळेला दाराकडे बघत होते. शुन्जी म्हणाला, म्हातारबुवा हट्टीच. मी त्याच्यावरच खेकसले. खरं काय ते कळव आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी तोमिए

कानुमा, ११ नोव्हेंबर

चि. तोमिए हिस अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली, देव पावला. आता ऐक. बाबा आले होते! तुझ्या दारात काय दिसलं त्यांना? केरसुणी उलटी उभी केलेली, वर पंचा टाकलेला. नकोसा पाहुणा टळावा म्हणून बायका करतात ते, केरसुण्या बांधणाऱ्याच्या पोरीने बापासाठी केलं? कानांनी ऐकू येत नसलं तरी त्यांना दिसतं चांगलं. आल्या पावली परतले. घरी येऊन नव्या केरसुणीचा सगळा दोरा सोडून टाकला. हाताला कंप, ही शेवटची म्हणून एकेक काडी निवडून बांधली होती गं. तेव्हापासून जेवणावर वासना नाही. लाज कशी वाटली नाही तुला?

रागावलेली, तरी तुझीच, इकुयो

मितो, १३ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अगं, ती सासूबाईंनी ठेवली होती! इकडे बाळंतिणीच्या घरी केरसुणी उलटी ठेवतात, पोटातला पाहुणा लवकर बाहेर यावा म्हणून. मला आत काय कळणार? कळल्यापासून सासूबाई कपाळ बडवून घेताहेत. मी बाबांनाच हाका मारत होते गं, आणि ते भिंतीपलीकडे उभे! त्यांच्या कानाशी ओरडून सांग. पोरीने अजून बाळसं धरलेलं नाही. तिला एकदा तरी बघा म्हणावं. तुझा लोभ आहेच, तो बाबांनाही करायला सांग.

तोमिए

कानुमा, १५ नोव्हेंबर

चि. तोमिए हिस अनेक आशीर्वाद.

तुला नाही नाही ते बोलले, मनात ठेवू नकोस.

बाबांना ओरडून सांगितलं. भांडण लागलं की काय म्हणून शेजारीण धावत आली! आधी त्यांना वाटलं, मी समजूत घालतेय. मग एवढंच विचारलं, ती तेव्हा हाका मारत होती का? मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हणाले, तोमिएच्या जन्माच्या वेळी तुमची आई आत दगावली तेव्हाही मी दाराबाहेरच उभा होतो.

केरसुणी पुन्हा बांधायला बसले, पण दोरा आवळेना. मी मदतीला गेले तर हात झिडकारला. आता रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून कुढत होते. मीच दटावलं, तेव्हा उद्या सकाळच्या गाडीने निघायला तयार झाले. हे पत्र तातडीच्या टपालाने टाकते.

ते दार वाजवणार नाहीत आणि तू आतून ‘या’ म्हटलेलं त्यांना ऐकू जाणार नाही. दार सताड उघड आणि पोरीला घेऊन उंबऱ्यात उभी राहा. हात थरथरतात म्हणून नको म्हणतील. ऐकू नकोस, पोर त्यांच्या हातात दे.

तुझ्या पत्राची वाट बघणारी, इकुयो