डोकं मागून येतं

१२ जानेवारी

पाय तुटला! तोही बाबांच्या हातात.

चहा झाल्यावर त्यांनी माझा नवा खेळण्यातला रोबोट घेतला, ट्रकचा माणूस करायला सुरुवात केली, गुडघा वळवला आणि कट्‌ असा आवाज आला. बाबांनी दोन्ही तुकडे टेबलावर नीट शेजारीशेजारी ठेवले. मग उजवा हात शालीत घातला. "या हातात आता काही राहिलं नाही," म्हणाले. मी घसा फोडून सांगितलं — बाबा, पिन कच्ची होती, प्लास्टिक बिस्किटासारखं होतं, तुमच्या हाताचा काय संबंध! पण ऐकतील तर ते बाबा कसले.

राग त्यांचा नाही, माझाच येतोय. परदेशातल्या कुठल्यातरी साइटवर स्वस्त दिसलं, फोटो छान दिसला, घेतलं. नकलेची नक्कल निघाली. आता कानाला खडा.

१३ जानेवारी

रात्रभर तोच कट्‌ कानात.

बाबांनी उभा जन्म कारखान्यात साचे बनवण्यात घालवला. बादल्यांचे, डब्यांचे, झाकणांचे. अर्धांगवायूनंतर फिजिओवाल्या बाईंनी त्यांना दाबायला स्पंजचा चेंडू दिला. बाबांनी तो खिडकीबाहेर फेकला. डाव्या हाताने! मग एक दिवस माझ्या कपाटातला रोबोट उचलला. एवढी घोडी झाले तरी खेळणी जमवते म्हणून ज्यांनी मला इतकी वर्षं चिडवलं, तेच बाबा. उलटसुलट करून बघितला, "सांधा कुणीतरी मन लावून बसवलाय," म्हणाले, आणि वळवायला लागले. उजवा हात आपोआप मदतीला आला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडली होती.

आता माझे सगळे रोबोट त्यांच्या बोटांना पाठ झालेत. नवीन हवा, अवघड हवा, आणि हातात मोडता कामा नये. बाई स्पष्टच बोलल्या आहेत, "हात चालता राहिला तर सुटेल. थांबला की आखडेल. मग मला दोष देऊ नका."

आणि तो कालपासून शालीत आहे.

१६ जानेवारी

क्रेन! जेवताना माझ्या फोनवर चित्र दिसलं आणि बाबांनी मान पुढे काढली. "हिचा हात कुठून वळतो?" पाय तुटल्यापासूनचं पहिलं धड वाक्य.

पण हा क्रेनचा रोबोट, ज्या मूळ कंपनीचे हे सगळे रोबोट, तिने कधी काढलाच नाही. एका छोट्या कारखान्याने स्वतःच्या डोक्याने बनवलाय — परवाना नाही, पण काम म्हणे अव्वल. त्याच्यावरून साचे चोरून आणखी दहा जण बनवतात, ते कचरा. दोन्हींचे फोटो एकच. ओळखायचं कसं? कपाळ!

१७ जानेवारी

रोबोट जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं. 'ढिला स्क्रू' नावाचा एक जुना गडी आहे. कधी भेटलो नाही, पण मला ताई म्हणतो आणि मास्तरसारखा दम देतो.

"ताई, तारे मोजू नकोस. शिव्या वाच. ज्यांचं मोडलं, ते मनापासून लिहितात."

"विकणाऱ्याचे फोटो बघूच नकोस. घेणाऱ्यांनी काढलेले बघ, स्वयंपाकघराच्या ओट्यावरचे."

"पैसे साइटवरूनच. बाहेर दे म्हणाला की पळ."

"पार्सल उघडताना शूटिंग कर. आणि सगळं तपासल्याशिवाय 'माल मिळाला' दाबू नकोस."

भाजी घेताना आई एवढी चौकशी करत नाही, आणि आई म्हणजे भाजीवाल्याच्या डोक्याला कायमचा ताप.

२० जानेवारी

एक दुकान पसंत पडलं होतं. मालकाचा लगेच निरोप — प्रिय मित्र, साइटच्या बाहेर पैसे दिलेस तर सवलत. गेलास उडत, प्रिय मित्रा.

दुसरं दुकान शोधलं. शिव्या वाचल्या — फक्त उशिराबद्दल होत्या. ओट्यावरचे फोटो खरे वाटले. मागवला.

२५ जानेवारी

पार्सल हललं नाही.

२९ जानेवारी

पार्सल त्याच गोदामात. बहुतेक तिथे संसार थाटलाय. बाबा रोज एकदा विचारतात, "कुठपर्यंत आली?" विचारतात म्हणून बरं वाटतं आणि सांगायला काही नाही म्हणून चीड येते. आज दातांच्या लॅबमध्ये, कामावर, एका कवळीचा खालचा जबडा उलटा बसवला. साहेब म्हणाले, "पेशंट काय डोक्यावर उभा राहून जेवणार आहे का?"

४ फेब्रुवारी

आता कस्टम्समध्ये. खेळणं आहे हो! उघडून बघा, खेळा, पण सोडा!

९ फेब्रुवारी

आलं! आणि काय आलं!

शूटिंगचं काम आईकडे दिलं. तिने पूर्ण वेळ स्वतःच्या अंगठ्याचं शूटिंग केलं. मधूनच तिचा आवाज — "हळू काप गं, बोट कापशील." खोक्यावर ना नाव ना चित्र. आत क्रेन मात्र अशी देखणी की बाबांनी हात पुढे केला. उजवा! सांधे घट्ट, रंग एकसारखा. बाबांनी आकडा खाली केला, चाकं आत घेतली, पाय काढले. काही मोडलं नाही. माणूस उभा राहिला.

त्याला डोकंच नव्हतं.

खोकं उलटं केलं, झटकलं, पिशव्या चाचपल्या. नाही. खांद्यांच्या मध्ये नुसती खाच. बाबांनी त्या खाचेत बोट घालून बघितलं. "अर्धवटाच्या हातात अर्धवटच यायचं," म्हणाले, आणि हात परत शालीत. असं काही बोलले की मला त्यांचाच राग येतो, आणि मग रडू येतं.

तिथल्या तिथे तक्रार ठोकली. 'माल अपुरा.' फोटो जोडले, अंगठा काढून.

१२ फेब्रुवारी

साइटने निकाल माझ्या बाजूने दिला. पैसे परत, वस्तू ठेवून घ्या म्हणाले. ग्रुपवर टाकलं — बघा, नियमाने वागलं की कुणी फसवू शकत नाही! जरा फुशारकीच मारली.

तासाभरात ढिल्या स्क्रूचं उत्तर.

"ताई, काय केलंस हे! डोकं मागून येतं!"

म्हणे चेहऱ्यावर मूळ कंपनीचा हक्क असतो. म्हणून हे बिनपरवान्याचे लोक धड एका पार्सलने पाठवतात आणि डोकं दुसऱ्या, दुसऱ्याच पत्त्यावरून. कस्टम्समध्ये अख्खा माल अडकायला नको. पानावर लिहीत नाहीत, कारण लिहिलं तर स्वतःच्याच हाताने पुरावा. "हे सगळ्यांना माहीत असतं," म्हणाला.

सगळ्यांना माहीत असतं तर मला का नाही सांगितलंस, माठ्या! शिव्या वाच म्हणालास, डोक्याबद्दल अवाक्षर नाही! "मला वाटलं तुला माहीत असेल, तू इतकी जुनी." जुनी आहे, पण आजवर सगळे परवान्याचेच घेतले. तो कट्‌ वाला सोडून, आणि त्या चोराने डोकं जागेवर बसवून पाठवलं होतं!

१३ फेब्रुवारी

दुकानदाराला लिहिलं. माझी चूक झाली, पैसे परत घ्या, वडील आजारी आहेत, त्यांच्या हातासाठी हवंय, डोकं पाठवा. उत्तर नाही.

पैसे परत मागायला साइटवर चार बटणं आहेत. परत द्यायला एक नाही! मदतकेंद्रातली मुलगी म्हणाली, "मॅडम, अशी अडचण आतापर्यंत कुणाला आली नाही."

१७ फेब्रुवारी

त्याच्या दुकानाचं पान गायब. माझ्या तक्रारीमुळे बंद केलं असणार. प्रामाणिक माणसाला चोर ठरवलं मी, आणि ज्याने बाबांच्या हातात पाय मोडला तो अजून मजेत विकतोय, भरपूर तारे घेऊन.

२१ फेब्रुवारी

बाबा खोलीचं दार लावून बसतात. जेवण आत. टेबलावर तो बिनडोक्याचा. विचारलं, बाबा, निदान क्रेन तरी करून बघा. "जा तू कामाला." बस्स.

फिजिओवाल्या बाई आज आल्या आणि दारातूनच परत गेल्या. म्हणाल्या, "मला वेळ नाही म्हणाले. त्यांना कसला हो वेळ नाही?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "असंच चाललं तर मी यायचं बंद करते. फुकट कशाला?"

आणि आई टीव्ही बघत होती. शांतपणे! ओरडले तिच्यावर. तुला काहीच कसं वाटत नाही? "ओरडू नकोस," म्हणाली, "ते झोपलेत." झोपले कसले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येत होता.

२४ फेब्रुवारी

त्यात भर म्हणजे लॅबचं काम घरी करायच्या पेटीतून कवळीच्या मेणाच्या पट्ट्या गायब. परवाच नवीन आणल्या होत्या. कोरायची बारीक सुरीही नाही. लॅबमध्ये नापास झालेल्या कवळीच्या दातांची डबीही उघडी. आईला विचारलं तर म्हणते, "शोधू नकोस, सापडेल." या घरात सगळ्यांनी मिळून माझं डोकं फिरवायचं ठरवलंय.

२८ फेब्रुवारी

दुसरं डोकं कुठे मिळतंय का बघितलं. मिळतंय — त्या पाय-मोड्या दुकानात. नको. हात जोडले.

बाबांचा हात आज शालीबाहेर दिसलाच नाही. आखडला असेल. विचारायची हिंमत झाली नाही.

५ मार्च

डोकं आलं!

मुठीएवढं खोकं, पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी, चिठ्ठी नाही, काही नाही. त्या माणसाने पाठवलं, मी त्याचं दुकान बुडवूनही! चपला न काढता बाबांच्या खोलीत धावले, दार न वाजवता.

टेबलावर रोबोट उभा होता. त्याला डोकं होतं. गुलाबी, कवळीच्या मेणाचं. एक डोळा वर, एक खाली. तोंडात माझे नापास दात, वरचे आणि खालचे, नीट चावणारे.

बाबांचा उजवा हात शालीबाहेर होता. नखांत मेण, बोटांत माझी सुरी.

"बाबा... या हाताने केलंत?"

"मग काय पायाने?"