मूर्तीच्या आतली रेघ

वडनेर,
ता. ९ एप्रिल २०२५

चि. रोशनीस,
प्रेमदासमामाचा जयभीम व अ. आ. वि. वि.

फोनवर मले निम्मं ऐकू येत नाई, अन् तुझा फोन कारखान्याच्या फाटकावरच जमा होते, म्हणून पत्र. ऊन आतापासूनच डोकं खाऊन राह्यलं. तुझी मामी गेल्यापासून पाणी प्या म्हणणारं कोणी नाई, म्हणून ते कामही मीच मले सांगतो.

विहारासाठी स्फटिकाची बुद्धमूर्ती नागपूरहून आणली. फोटो सोबत आहे. बायांनी कापूसवेचणीच्या मजुरीतून वर्गणी काढली. पारख मात्र माझ्यावर सोपवली, कारण गावात पुस्तकं चाळणारा मीच. दुकानदार म्हणे, खडा हिमालयातला. मूर्तीत डोक्यापासून आसनापर्यंत बारीक सरळ रेघ दिसते. महिला मंडळाच्या सुलोचनाबाई म्हणाल्या, हा भगवंतांचा कणा. वंदनेले पोट्टे वाकून बसले की त्या म्हणतात, कण्याकडे पाहा.

बुद्धपौर्णिमेले मले मूर्तीबद्दल बोलायचं आहे. तू स्फटिकाच्याच कारखान्यात, तर हिमालयात तो कसा घडते ते लिहून पाठवजो.

तुझा थकलेला पण टणक,
मामा


पुणे,
ता. १८ एप्रिल

ती. मामाजींस,
रोशनीचा सविनय जयभीम. वि. वि.

लिहू की नको, या विचारात उशीर झाला. मामाजी, ती रेघ मी ओळखते. असल्या रेघा मी रोज पाहते.

आमच्याकडे पोलादाची उंच नळकांडी आहेत. तळाशी खाणीतल्या स्फटिकाचा चुरा, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी, आणि वर तारेने टांगलेल्या स्फटिकाच्याच पातळ चकत्या. त्यांना आम्ही बी म्हणतो. झाकण आवळून तापवलं की चुरा विरघळतो आणि वरच्या जरा कमी तापलेल्या भागात येऊन बियांवर चढत जातो. दिवसाला नखाएवढी जाडीही वाढत नाही. महिना दीड महिना झाकण उघडायचं नाही, इतका आत दाब. स्फटिक कितीही वाढला तरी मूळ बी आत, कडेने पाहिलं की, रेघेसारखं दिसतं. तोच तुमचा कणा.

रागवू नका. आणि पाणी प्या, हे आता मी सांगते आहे.

तुमची,
रोशनी


वडनेर,
ता. २६ एप्रिल

चि. रोशनीस, अ. आ.

नागपूरले जाऊन आलो. दुकानदार हसला, म्हणे काका, देव तर देवच ना. मी म्हटलं, आम्ही देव न्यायले आलोच नव्हतो. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. परतीच्या बसमध्ये बसायले जागा मिळाली, तेवढंच चांगलं झालं.

पोरी, नकली मूर्ती घेऊन आलो मी. ज्या बायांच्या बोटांले बोंडांचे ओरखडे आहेत त्यांच्या पैशाची. त्यांच्यासमोर उभं राहून हे सांगायचं बळ आता नाई. पौर्णिमेले दोन गाथा म्हणतो अन् खाली बसतो. तूही कोणाले सांगू नको.

मामा


पुणे,
ता. ३ मे

ती. मामाजींस, सविनय जयभीम.

सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण नकली म्हणू नका, मला लागलं ते. नकली म्हणजे काच. काचेत कणांची काही शिस्त नसते. स्फटिकात ते ओळीनं बसलेले असतात, डोंगरात तसेच आमच्या नळकांड्यातही. तोच कठीणपणा, दाबला की तशीच बारीकशी वीज निघते. घड्याळं त्याच्यावर चालतात. कागदोपत्री कोणी कृत्रिम लिहितं. आम्ही वाढवलेला म्हणतो, विरजण लावून दही लावतात तसा.

बी टांगण्याआधी मी ते उजेडात धरून तपासते. त्यात चीर असली तर ती पूर्ण स्फटिकात उतरते. कामाची पाळी संपली की मानेपासून कमरेपर्यंत ठणकतं. ही पण मजुरीच आहे, मामाजी. खोटं दुकानदार बोलला, दगड नाही.

तुमची,
रोशनी


वडनेर,
ता. १५ मे

चि. रोशनीस,
प्रेमदासमामाचा जयभीम व पोटभर आशीर्वाद.

पौर्णिमेले उभा राह्यलो अन् सगळं सांगून टाकलं. नळकांडं, चुरा, बी, दुकानदार, माझी पारख. मधेच खुर्ची मागितली. विहार समितीचा लहानू उठून म्हणाला, परत करा, आपली फसवणूक झाली, अन् प्रेमदासले यापुढं असल्या कामाले धाडू नका. मी मान खाली घातली. त्याचं बरोबरच होतं.

सुलोचनाबाईंनी एवढंच विचारलं, की ते बी टांगते कोण. मी म्हटलं, ही मूर्ती कुठं वाढली ते माहीत नाई, पण आमची रोशनी हेच काम करते, अन् तिची मान दुखते. मंग त्या मले म्हणाल्या, फसवणाऱ्याची तक्रार पुढच्या सोमवारी करू, मी येईन तुमच्यासंग. मूर्ती कुठं जाणार नाई. तिले कायले कुलपात ठेवली आहे? काचेचं कपाट उघडा.

आतापर्यंत किमतीच्या धाकानं तिले कोणी हात लावला नव्हता. सुलोचनाबाईंनी पदरानं हात पुसून ती घेतली अन् शेजारणीले दिली. बाहेर एवढी लाही, अन् मूर्ती थंडगार, असं बाया एकमेकींले सांगत होत्या. पोट्ट्यांनीही धरली. लहानूनं आधी नाई म्हटलं, अन् मंग सगळ्यात जास्त वेळ त्यानंच धरून ठेवली.

माझा नंबर शेवटी लागला. माझ्या हाती आली तेव्हा ती कोमट झालती.

मानेले तेल लावत जा. या म्हाताऱ्यावर माया आहे तेवढी असू दे, जास्त मागत नाई.

तुझा,
प्रेमदासमामा