वहीतलं माझं नाव

मंगळवार, संध्याकाळ

शाहूपुरीतल्या आण्णांच्या कापडदुकानातलं माझं उधारीचं खातं आज पुरतं मिटवलं. सहा वर्षं तिथनंच अस्तर नि दोरा उचलला, पण चारचौघांत त्यांनी एकदाबी पैसे मागितले न्हाईत. आज त्यांनी माझ्या पानावर तिरकी रेघ मारली, तेव्हा वरचं नाव पहिल्यांदाच वाचलं. ‘शोभा टेलर्स’. सहा वर्षांत एकदा तरी वाकून बघायचं की, शोभे!

“आण्णा, हे खातं उघडलं तवा माझं दुकान कुठं हुतं? सासूची जुनी मशीन तेवढी.”

“तुझ्या हातातल्या पिशवीची शिलाई बघितलेली की. उगंच ल्हिलं व्हय?”

दुकानाची पाटी मी गेल्या वर्षी लावली. आणि आण्णांनी...

आज पैसे त्याच पिशवीतनं नेलते. घरी येऊन ती उलटी करून बघितली. एक टाका उसवलेला न्हाय.