सोळापैकी आठ

दि. ३ ऑगस्ट

चि. पक्कड हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

तुझ्या कॉलेजातले ऐंशी कंप्युटर तू नुसती खोलीत शिरलीस की सुतासारखे सरळ होतात, असं तुझी आई गावभर सांगत असते. माझा एकच आहे आणि तो माझ्या डोक्यावर मिरे वाटतो आहे. फोन करणार होतो, पण फोनवर मला तुझं 'हॅलो' तेवढं ऐकू येतं, पुढचं सगळं पाण्याखालून. आणि त्या बारीक अक्षरांवर माझा अंगठा ठेवला की एका वेळी तीन अक्षरं दाबली जातात. म्हणून पत्र.

तर झालं असं. पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर लावायला चाळीस फुटी देवमासा करून द्यायचं काम मिळालंय. आयुष्यभर पाट्या हाताने रंगवल्या, पण आता गिऱ्हाइकाला सगळं कंप्युटरवर हवं. तोंड झालं, पोट झालं, शेपटीला हात घातला की कंप्युटर मान टाकतो. दुकानदार म्हणाला, मेमरी कमी पडते, जुनी काढा आणि आठ-आठच्या दोन नव्या पट्ट्या घाला, सोळा होईल. त्याने माझ्यादेखत दोन्ही पट्ट्या त्याच्या मशीनवर चालवूनही दाखवल्या. मी त्या घरी आणल्या, माझ्या पद्धतीने नीट तयार केल्या आणि पेटी उघडून स्वतः बसवल्या. तुझी आई दर आठवड्याला लिहिते की दुकान बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. तिला दाखवून देणार होतो की हा म्हातारा अजून पेट्या उघडतो. आता पुढचं ऐक. बटण दाबलं, पडदा उजळला आणि पाहतो तर काय,

(दुसरा कागद)

गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत आहे. डावा जरा कुरकुरतो, तेल चोळलं की गप्प बसतो. माझ्यासाठी ती मागची खोली रंगवायला मुळीच घेऊ नकोस. रंगवायचीच असेल तर मी येऊन रंगवीन आणि परत जाईन.

तुझा धाकटा, पण आता तेवढाही धाकटा न उरलेला
भाऊ


दि. ८ ऑगस्ट

ती. मामास,
साष्टांग नमस्कार. (माझ्या टेबलाखाली वायरींचं जंगल आहे, त्यामुळे आठातली चार अंगं उधार.)

तुझ्या पत्राचा पहिला कागद 'पाहतो तर काय' इथे संपतो आणि दुसरा कागद 'गुडघे' इथे सुरू होतो. मी आजवर कंप्युटरची बरीच दुखणी पाहिली, पण गुडघे कुरकुरणारा हा पहिलाच. मग उजेड पडला. तू त्याच दिवशी आईलाही पत्र लिहिलंस आणि दुसरे कागद उलटसुलट पाकिटांत घातलेस. म्हणजे माझा कागद आईकडे गेला. त्यात काय लिहिलंयस देव जाणे.

माझा अंदाज असा की पट्ट्या सोळाच्या असून पडद्यावर आकडा कमी दिसतोय. घाबरू नकोस, हे रोज होतं. बहुतेक वेळा पट्टी खाचेत पूर्ण बसलेली नसते. आधी कंप्युटर बंद कर आणि प्लग भिंतीतून काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पट्टी काढून पुन्हा बसव आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाब. टोकाची क्लिप 'टक' करून आपोआप मिटली पाहिजे. तुझे अंगठे या कामाला उत्तम आहेत.

तेवढ्याने जमलं नाही तर एक एक पट्टी एकटी घालून पाहा, आधी एका खाचेत, मग दुसऱ्या. म्हणजे दोष पट्टीत आहे की खाचेत ते कळेल. आणि एक सांग. पट्ट्या 'माझ्या पद्धतीने तयार केल्या' म्हणजे नेमकं काय केलंस? त्या तयारच असतात.

आठही अंगांनी तुझीच,
पक्कड


दि. ९ ऑगस्ट

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

मी उद्या सकाळच्या गाडीने तुझ्या मामाकडे निघते आहे. कारण सांगते. त्याचं पत्र आलं. पहिल्या कागदाच्या शेवटी लिहितो, 'तब्येतीचं विचारतेस म्हणून सांगतो.' कागद उलटते तर पुढे असं: 'निम्मीच मेमरी उरली आहे. सोळा हवी तिथे आठ. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, आठच. डोकं उघडून झटकावं असं वाटतं. यातलं अवाक्षर तुझ्या आईला कळू देऊ नकोस.'

तुझ्या आईला! आमची आई जाऊन तीस वर्षं झाली. आणि खाली सही काय, तर 'तुझा मामा'. मी त्याची सख्खी थोरली बहीण, आणि मला तो भाची समजतो. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं.

मी इतकी वर्षं हेडबाई होते, मुलं विसरतात तेव्हा कशी विसरतात हे मला ठाऊक आहे. हे तसलं नाही. मी चाळीस प्रश्न काढून वहीत लिहून घेतलेत. तिथे गेल्यावर त्याची परीक्षा घेणार. मग दुकानाला कुलूप लावून त्याला घेऊन येणार. मागची खोली रंगवायला सांगितली आहे. तू मध्ये पडू नकोस.

काळजीत असलेली
तुझी आई


दि. १२ ऑगस्ट

ती. मामास,
नमस्कार घाईचा, कारण पत्रही घाईचं.

आई तुझ्याकडे पोचली असेल. निघताना ती आपला फोन घरीच विसरली (मेमरीबद्दल मी काही बोलत नाही), म्हणून तिला गाठता आलं नाही. तुझा दुसरा कागद वाचून तुझीच मेमरी निम्मी झाली असं तिने ठरवलंय. तिला सांग की गोष्ट कंप्युटरची आहे. पडद्यावरचा आकडा दाखव. आणि चाळीस प्रश्नांची तयारी ठेव.

काळजीने आणि हसून हसून अर्धी झालेली,
पक्कड


दि. १६ ऑगस्ट

चि. पक्कड हिस आशीर्वाद, उरले असतील तेवढे.

हेडबाई आल्या. दारातच मला विचारलं की ओळखतोस का मला. मी गंमत म्हणून म्हटलं, नाही, आपण कोण? तिने पायरीवरच बसकण मारली. तिला पाणी दिलं आणि नंतर तासभर शंख ऐकला.

मग तुझं पत्र दाखवलं, पडदा दाखवला, आठचा आकडा दाखवला. कंप्युटरची मेमरी हे तिला पटलं. पण म्हणते, कागद तर तूच उलटसुलट घातलेस ना? विकत आणलेली वस्तू तुला धड बसवता येत नाही ना? मग दुकान कसलं चालवतोस? शेवटी तिने मुदत घातली. महिनाअखेरपर्यंत सोळा दिसले आणि मासा पुरा झाला तर ठीक, नाहीतर कुलूप. किल्ली आत्ताच तिच्या पर्समध्ये आहे. सकाळी दुकान उघडायला मी माझ्याच बहिणीकडे किल्ली मागतो.

इथवर हसून लिहिलं. पण मला खरंच भीती वाटते. तिच्या मागच्या खोलीत तिची माया कमी नसेल, पण तिथे मला हाताला काम नाही. खिडकीशी बसून कोण येतं कोण जातं पाहत राहीन, आणि मग चार महिन्यांत खरोखरच विसरायला लागेन. काहीही कर, पण हे आकडे सोळा करून दे.

आता तुझे प्रयोग. प्लग काढला. अंगठ्याने दाबलं, टक झालं, दोन्हीकडे झालं. तरी आठच. मग एक एक घातली. पहिली पट्टी कुठल्याही खाचेत चालते. दुसरी कुठेच चालत नाही. ती एकटी घातली की पडदा काळा आणि आतून तीन शिट्ट्या. दुकानात तर माझ्यासमोर चालली होती. म्हणजे खाचा चांगल्या, पट्टी खोटी. असंच ना?

आणि तयार केल्या म्हणजे काय विचारतेस? तुला माझी पद्धत माहीत नाही का? पट्टीच्या खालच्या कडेला किती सुरेख सोनेरी दात आहेत. सोनेरी काम मी कधी उघडं ठेवत नाही, हवेने काळं पडतं. पाटीवर सोन्याचा वर्ख लावला की वर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात मारायचाच, उस्तादाने मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. तसाच इथेही मारला. अगदी काचेसारखा बसला. आधी दुसरी हाताला आली, तिला लावून झालं आणि डबी संपली, म्हणून पहिली बिचारी तशीच राहिली. नवी डबी आणली की तिलाही लावतो.

वाट पाहणारा
तुझा मामा


दि. २० ऑगस्ट

ती. मामास,
नमस्कार नंतर. आधी ती नवी डबी उचलून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेव.

अरे देवा! मामा, ते सोनेरी दात शोभेचे नाहीत रे. वीज त्यांच्यातूनच ये-जा करते. तू त्यांना रेनकोट घातलास. पट्टी आत बसली आहे, बिचारी हाका मारते आहे, आणि कंप्युटरला ती आहे हेच कळत नाही. तुझं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या प्रमुखबाई सतरा वर्षं या धंद्यात आहेत. त्यांनी खुर्ची सोडून जमिनीवर बसून घेतलं.

उपाय तुझ्याच कपाटात आहे. ज्या स्पिरिटमध्ये तू लाख विरघळवतोस तेच घे, थिनर नको. प्लग काढून पट्टी बाहेर घे. स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून फक्त दातांवरून हलक्या हाताने फिरव. दर वेळी नवा बोळा. कापूस पिवळा यायचा थांबला की समज निघालं. मग मऊ खोडरबराने दात पुसून घे, चुरा झटक आणि अर्धा दिवस वाळू दे. वर्खाचं काम करताना जसा श्वास रोखतोस तसा रोख. ते करणारे हात आता आमच्यात कुणाचे नाहीत, हे मी चिडवायला लिहीत नाही.

आईने विचारलं तर सांग की हा वयाचा दोष नव्हे. मी सात वर्षांची असताना तू माझ्या सायकलची घंटा लाखेने बंद पाडली होतीस. तू तेव्हाही असाच होतास.

सोळा दिसल्याशिवाय चैन न पडणारी
पक्कड


दि. २८ ऑगस्ट

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

सोळा दिसले. बुधवारी सकाळी तुझ्या मामाने पट्टी साफ केली तेव्हा मी शेजारी बोळे भिजवून देत होते. सव्वीस लागले. पडद्यावर सोळा आल्यावर तो दुकानात नाचला, गुडघ्यांसकट. मासाही पुरा झाला आणि काल तलावाच्या भिंतीवर चढला. खाली पोरांची झुंबड उडाली होती.

मी शब्दाला जागून किल्ली परत दिली. पण परीक्षा सोडली नाही. वही काढून समोर बसवलं आणि चाळीसही प्रश्न विचारले. वडिलांच्या सायकलचा रंग, माझ्या पहिल्या शाळेचा रस्ता, शेजारच्या कुत्र्याला किती पिल्लं झाली होती, सगळं. एकोणचाळीस बरोबर. स्वतःचं वय तेवढं सांगायला साफ नकार दिला.

मग म्हणाला, आता माझा एक प्रश्न. चित्रकलेच्या शाळेचं पत्र आलं होतं, ते शिलाई मशीनच्या खणात कशाखाली होतं?

बाळ, हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. वडील नुकतेच गेले होते, आई अंथरुणाला खिळलेली, माझी नोकरी महिन्याभराची. हा सतरा वर्षांचा. परगावच्या चित्रकलेच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाल्याचं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं, आणि मी ते खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवलं. तो गेला तर या घरात मी एकटी काय करू, एवढंच डोक्यात होतं. त्याला कळलं नाही असं धरून मी आजवर जगले.

त्याला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. सुई शोधायला गेला, पत्र वाचलं, होतं तसं परत ठेवलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पाट्या रंगवणाऱ्या उस्तादाकडे जाऊन उभा राहिला. मी विचारलं, मग मला कधी बोलला का नाहीस? तर डब्यातले ब्रश निवडता निवडता म्हणाला की विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस, आणि मग मला तेही लक्षात ठेवावं लागलं असतं.

मी पुन्हा त्याला त्याच्या कामापासून तोडायला आले होते. तेव्हाही काळजी होती आणि आताही काळजीच होती, आणि दोन्ही वेळा खरं कारण हेच की मला एकटीला राहवत नाही. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग तू इथे राहा की, हिशोब सोपा आहे. मी राहते आहे. मागच्या खोलीचा रंग थांबवायला सांग. माझ्यावर रागावू नकोस. तो रागावला नाही, तेच मला झेपत नाहीये.

तुझी आई

ता. क. (मामाकडून) : हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी. बुधवारपासून हेडबाई माझ्याशी फार गोड बोलते आहे. उठल्याबरोबर चहा देते, रेडिओ मोठा लावला तरी गप्प बसते. मला हे सहन होत नाही. उद्या एका पाटीवर मुद्दाम ऱ्हस्वाचं दीर्घ करून ठेवणार आहे, म्हणजे एकदा तरी ओरडेल.