पेल्याला तोंड लाव

आई,

आज मिशनच्या देवळात प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीची भाकरी आणि द्राक्षरस. हल्ली आमच्याकडे सगळ्या मंडळीला मिळून एक पेला नसतो. बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या पेल्यांचा ट्रे फिरतो. ज्याने त्याने आपापला उचलायचा, द्राक्षरस प्यायचा आणि रिकामा पेला परत ठेवायचा. कोणाचं उष्टं कोणाच्या तोंडी जायला नको, आजार पसरतात. बरोबरच आहे, सगळं आयुष्य नर्सची नोकरी केली, मला हे कोणी शिकवायला नको. पण ट्रे समोर आला आणि तुझी आठवण अशी आली की शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसेपर्यंत मी नुसती बघत राहिले. घरी येऊन चहा केला, तो निवून गेला, आणि आता लिहायला बसले आहे. तू गेलीस तेव्हा जेवढ्या वयाची होतीस त्याच्या कितीतरी पुढे मी आले. तरी तुझ्याशी धरलेलं भांडण काही मिटत नाही.

साताऱ्याच्या मुलींच्या बोर्डिंगचं ते स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. ओल्या लाकडांचा धूर, आमटीची फोडणी, कोपऱ्यातल्या रांजणाचा गारवा. मी तुझ्या पोटात असतानाच वडील गेले, आणि मिशनच्या मिसबाईंनी तुला वडूजकडच्या गावातून आणून त्या चुलीपुढे बसवलं. दुष्काळाच्या वर्षी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या करायची वेळ आली. थापता थापता त्या चिरायच्या, तव्यावर टाकताना तुकडे पडायचे, आणि तू परातीशी भांडायचीस, "काय जुंधळा म्हनायचा ह्यो! येकमेकाला धरूनच ऱ्हात न्हाई." मुली नाकं मुरडायच्या आणि तरी तुझ्या हातची म्हणून खायच्या. सगळेच खायचे. मिसबाई खायच्या, पाळकसाहेब तर तुझ्या हातचं पिठलं मुद्दाम मागून न्यायचे. तुझ्या हाताला कोणी कधी नको म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी तुझ्याशी याच मुद्द्यावर वाद घातला.

बोर्डिंगमध्ये पाणी वरून प्यायची शिस्त होती. भांड्याला तोंड न लावता, मान मागे टाकून घशात धार सोडायची. मी एकदा आपल्या खोलीत तसं प्यायले, तर तू हातातलं उलथनं टाकून धावत आलीस. "वरनं पिऊ नगंस! पेल्याला तोंड लाव." मी म्हटलं, मेट्रनबाई रागावतात. "रागावू दी. तुज्यापुरता येगळा पेला आनते." आणि खरंच आणलास, स्टीलचा, काठ वळवलेला. बाकीची सगळी भांडी जर्मनची, आणि त्यात तो एकटाच चकचकीत. मी त्याला तोंड लावून गटागटा पाणी प्यायले की तू हातातलं काम थांबवून बघत राहायचीस. स्वतः मात्र एका हाताने तांब्या कलता करून दुसऱ्या हाताच्या पशातून प्यायचीस, तोंड तांब्याला कधी लागायचं नाही. मला वाटायचं, आपली आई जरा विक्षिप्तच आहे.

देवळातही तू तशीच. तेव्हा एकच चांदीचा पेला असायचा. माणसं रांगेत गुडघे टेकायची, पाळकसाहेब एकेकाच्या ओठांना पेला लावायचे, हातातल्या पांढऱ्या रुमालाने काठ पुसायचे आणि पुढच्याकडे सरकायचे. तुझ्यापाशी आले की त्यांची पद्धत बदलायची. तू मान खाली घालून हनुवटीखाली ओंजळ धरलेली असायचीस. ते पेला किंचित कलता करून थोडासा रस ओंजळीत सोडायचे, तो तू पिऊन टाकायचीस आणि ओले हात डोक्यावरच्या पदरावरून फिरवायचीस. मंडळीत तुझं भारी कौतुक होतं. एका रविवारी पाहुणे म्हणून आलेल्या पाळकांनी तर उपदेशातच सांगितलं की नम्रता पाहायची असेल तर या बहिणीच्या ओंजळीत पाहा. सगळ्यांनी माना वळवल्या. तू पदर पुढे ओढलास. मी मात्र अभिमानाने फुगून गेले, आणि त्याच दिवशी ठरवून टाकलं की माझं दृढीकरण होईल तेव्हा मीसुद्धा अस्सच घेणार.

तो दिवस आला. दृढीकरण म्हणजे आता आपण आपल्या तोंडाने विश्वास कबूल केला, आता आपल्यालाही पेला मिळणार. मी पांढरी साडी नेसले आहे, ती सारखी सुटते आहे, तू माझ्या शेजारी गुडघे टेकून बसली आहेस. पाळकसाहेब जवळ येतात. मी मान खाली घालते आणि हनुवटीखाली ओंजळ धरते. साहेब क्षणभर थांबतात, मग तुझ्यासाठी करतात तसाच पेला कलता करतात. तेवढ्यात तुझी चापट माझ्या हातांवर बसते, इतक्या जोरात की ओंजळ फुटून रस माझ्या साडीवर सांडतो. "तू न्हाई!" तू म्हणतेस. "तू तोंड लाव." मी तोंड लावलं. साहेबांनी काठ पुसला. मग तुझ्याकडे वळले, आणि तू ओंजळ पुढे केलीस.

दुपारी स्वयंपाकघरात तू माझ्या साडीचा डाग मीठ लावून चोळत होतीस आणि मी भिंतीला टेकून रडत होते. सगळ्यांसमोर का मारलंस, म्हणून विचारलं. तू वर न बघता उलट मलाच विचारलंस, "त्वा ओंजळ का धरलीस?"

"तू धरतेस म्हणून. ते पाळक म्हणाले, ती नम्रता आहे."

"नम्रता!" तू हसलीस, पण ते हसणं मला आवडलं नाही. "ती नम्रता न्हाई गं. ती पानी मागायची रीत हाय आमची."

मग तू सांगितलंस. महारवाड्यातल्या बायकांनी विहिरीवर चढायचं नाही, खाली ओंजळ धरून उभं राहायचं, कोणाला दया आली तर वरून ओतायचं. "येकदा लय तहान लागली हुती. बारकी हुते मी. वट्यावर कुनाचा तरी तांब्या भरून ठिवल्याला. मी तोंड लावलं. मारलं न्हाई मला कुनी. नुसता त्यो तांब्या चुलीत घातला, लाल हुईस्तवर. आन् मला समोर हुभं केलं. बघ म्हनले." हे सांगताना तुझा हात डागावर फिरतच होता. "बाप्तिस्मा झाला तवा साहेब म्हनले, आता तू देवाची लेक. मला खरं वाटलं. पयल्या प्रभुभोजनाला मी रांगंत पयली बसले, पेल्याला तोंड लावलं, चांगलं टेकवून लावलं. डोळं उघडलं तर साहेब फडक्यानं काठ पुसत हुते."

"अगं, ते सगळ्यांच्याच मागे पुसतात!" मी ओरडलेच.

"म्हाईत हाय. मागनं बगितलं मी. पर त्या दिशी मला काय ठावं? मला त्यो तांब्याच दिसला."

"मग आता तर ठाऊक आहे ना?"

"डोक्याला ठावं झालं. हातास्नी कोन सांगनार?"

मी हट्टाला पेटले होते. म्हटलं, तुझ्या हातची भाकरी अख्खं बोर्डिंग खातं, पाळकसाहेब खातात, मग तुझे ओठच तेवढे का चालणार नाहीत? तू साडी पिळलीस, झटकलीस आणि म्हणालीस, "भाकरी मी देती. तितं मला घ्यायचं असतंय." मला ते तेव्हा कळलं नाही. मी रागाच्या भरात विचारलं, तुझा येशूवर विश्वास नाही का? तुझा चेहरा पडला. साडी दोरीवर टाकून बोललीस, "त्येच्यावर हाय. लय हाय. माज्यावर न्हाई." आणि मग माझी हनुवटी ओल्या हाताने धरून, "तू हितं जन्मलीस. तू आतली हायस. मला आत घेतल्यालं हाय. पुन्यांदा ओंजळ धरलीस तर बघ."

आई, याच एका वाक्यावरून माझं तुझ्याशी भांडण आहे. आत घेतलेला माणूस आतला कधी होतो? शास्त्रात तर सगळेच आत घेतलेले आहेत, कोणीच तिथे जन्मलेला नाही. हे मी पुढे शिकले, मंडळीत उभी राहून साक्षीतही सांगितलं. तुला सांगायला जायचे तर तू म्हणायचीस, "व्हय बाई, तू शिकल्याली हायस," आणि पीठ मळायला घ्यायचीस. तुझी प्रार्थना मी ऐकली आहे. तू माझ्यासाठी मागायचीस, बोर्डिंगच्या पोरींसाठी मागायचीस, पाऊस मागायचीस, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाहीस. लोक त्याला भक्ती म्हणायचे. मला आता त्याची चीड येते. त्या सगळ्या माना वळवून बघणाऱ्या लोकांपैकी एकालाही वाटलं नाही की या बाईला विचारावं, बाई, तू तोंड का लावत नाहीस?

मग सांगली. मी नर्सिंग संपवून तिथल्या इस्पितळात नुकतीच लागले होते आणि तुला तिथेच आणलं. अर्धं अंग गेलेलं, उरलेल्या हातातही बळ नव्हतं. वाऱ्यावर बाजारातल्या हळदीचा वास आला की तू म्हणायचीस, "कुनाचं गं लगीन हाय?" आणि मी वॉर्डाच्या बाहेर जाऊन डोळे पुसून यायचे. एका रविवारी उपासनेनंतर तिथले म्हातारे पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन येणार होते. त्या सकाळी तुझं तोंड धुताना तू म्हणालीस, "हात उचलंना झालंत. आता तोंडच लावाया लागंल." तुझ्या डोळ्यांत मिश्किल हसू होतं. मला वाटलं, माझं काळीज आता फुटणार, आनंदाने. मग हळूच म्हणालीस, "त्येंना येवढं सांग. माज्यामागं पेला पुसू नगा म्हनावं."

मी व्हरांड्यात साहेबांना गाठलं. तांब्याची, रुमालाची, सगळी हकिकत सांगितली. ते भले गृहस्थ होते. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "नाही पुसणार, मुली. तिच्या मागून मीच पिईन." ते आत आले, प्रार्थना केली, भाकरीचा तुकडा दिला. मी तुझ्या मानेखाली हात घालून तुला उचललं. तू तोंड लावलंस, आई. चांगलं टेकवून लावलंस. तुझा वरचा ओठ चांदीवर दाबला गेलेला मी पाहिला. तू प्यायलीस, डोळे उघडलेस, आणि साहेबांचा हात रुमाल घेऊन काठावरून फिरत होता.

त्यांचं त्यांनाच कळलं नाही. जन्मभर तो हात तेच करत आला होता. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते तसेच गोठले, पेला एका हातात, रुमाल दुसऱ्या. मी त्यांच्यावर ओरडणार होते. तेवढ्यात तू बोललीस, जड जिभेनं, एकेक शब्द ओढत. "ऱ्हाऊ द्या, साहेब. हाताची सवय हाय ती. माज्या बी हातांची हुती." साहेब हुंदके देत उरलेलं प्यायले. तू त्यांच्याकडे बघून हसलीस आणि डोळे मिटून घेतलेस.

तू त्याच आठवड्यात गेलीस. ते हसू मी इतक्या वर्षांत हजारदा उलटंपालटं करून पाहिलं. तू सुटलीस म्हणून हसलीस, की पुन्हा तेच झालं, आपलं ठरलेलंच, म्हणून? साहेबांना माफ केलंस ते देवाच्या लेकीनं केलं, की ओंजळ धरणाऱ्या बाईनं? पहिलं असेल तर माझ्या जिवाला शांती मिळेल. मला कळत नाही. तुला विचारता येत नाही, याचं दुःख अजून जात नाही. वाचता तर तुला येत नव्हतंच. हे कागद मी तू आणलेल्या स्टीलच्या पेल्याखाली ठेवून देईन. काठ चेपला आहे त्याचा, पण पाणी मी अजून त्यातच पिते, तोंड लावून.

एक मात्र कोणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या त्या चापटीनंतर मी पुन्हा कधी ओंजळ धरली नाही. साताऱ्यात, सांगलीत, पुढे जिथे जिथे बदली झाली तिथल्या देवळात, मी आतली असल्यासारखं ठामपणे तोंड लावलं. पण प्यायल्यावर सगळे डोळे मिटतात, तेव्हा मी मिटले नाहीत. माझ्यामागे तो काठ किती जोरात पुसला जातो, शेजारणीपेक्षा जास्त वेळ पुसला जातो का, हे मी दर वेळी बघत राहिले. आज ट्रेमधला तो प्लास्टिकचा पेला उचलला आणि मला हायसं वाटलं, आई.