कप्तान पुतळाबाईनं माफी मागितली नव्हती

प्रिय अण्णा,

खरं तर ‘तीर्थरूप’ लिहायला हवं होतं. पण तीर्थरूप म्हटलं की साष्टांग नमस्कार आलाच, आणि सध्या माझी कंबर तेवढी वाकत नाहीये. फोन केला की तुम्ही “जेवलीस का” एवढं विचारून तो आईच्या हातात देता, म्हणून कागद घेऊन बसले. मोशीच्या या खोलीत माझी जोडीदारीण निशिगंधा समोर बसून मेथी निवडतेय आणि म्हणतेय, बापाला इतकं रागावून कुणी पत्र लिहितं का? मी लिहिते.

राग कशाचा ते आधी सांगते. कंपनीचा नाही, कंपनी कंपनीसारखीच वागली. राग तुमचा आहे. गुरुवारी स्वरूपाचा फोन आला. निरंजनदादाची ही एवढीशी सहा वर्षांची लेक हुंदके देत सांगत होती, “आत्या, आजोबांनी कप्तान पुतळाबाईला माफी मागायला लावली!” अण्णा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही मला काय वाटेल ते बोला, मी तुमची मुलगी आहे, ऐकून घेईन. पण पुतळाबाईला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार? ती काय एकट्या तुमची आहे?

कारखान्यातून पहिली शिफ्ट करून चार वाजता यायचात, हातपाय धुऊन ओट्यावर चहा घेऊन बसायचात, आणि मी दप्तर टाकून तुमच्या मांडीशी, गोष्ट ऐकायला. अकरा वर्षांची कप्तान पुतळाबाई, तिचं रेड ऑक्साइड मारलेलं जहाज आणि सहा खलाशी. नांगर उचलायला चेनपुली, देवमाशांच्या सांध्यांना दर अमावस्येला ग्रीस, आणि साडेतीनचा भोंगा झाला की लाटांची शिफ्ट बदलायची! तुम्ही जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तुमचा समुद्र म्हणजे आपली भामा नदी, जरा रुंद केलेली. त्याला पलीकडचा काठ होता आणि त्या काठावर कुणीतरी म्हशी धूत असायचं. मी राजगुरुनगरच्या शाळेत निबंधात तसंच लिहिलं, आणि सरांनी तो अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला. पोरं आठवडाभर मला “म्हशी आल्या का पलीकडून?” विचारत होती. तरी मी घरी येऊन तुम्हाला बोलले नाही. सरांनाच समुद्र नीट माहीत नसणार, अशी माझी खात्री होती.

आणि ती तांबडी दोरी. जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावरून गेलेली. काही चुकतंय असं दिसलं तर कुणीही ओढावी, अगदी भांडी घासणाऱ्यानंसुद्धा, आणि ओढली की अख्खा समुद्र जागच्या जागी उभा राहायचा. लाटा वर उचललेल्या तशाच, मासे उडी मारता मारता हवेत. मग पुतळाबाई शांतपणे चूक शोधायची. दैत्य ओरडायचे, समुद्राचा राजा ओरडायचा की माझा माल अडकला, उशीर होतोय. ती म्हणायची, ओरडा खुशाल, दोरी माझ्या हातात आहे. आणि गोष्ट संपली की तुम्ही बोटं मोजायला लावायचात. कप्तान आणि सहा खलाशी, सगळ्यांची मिळून सत्तर बोटं जिथल्या तिथं आहेत ना? गेनू खलाशाची सगळ्यात शेवटी, आणि ती दोनदा मोजायची. मला वाटायचं, तुम्ही मला आकडे शिकवताय.

डिप्लोमा करून चाकणला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी ट्रेनिंगच्या साहेबांनी लाइनवरून गेलेली दोरी दाखवली. चूक दिसली तर कुणीही ओढा, लाइन थांबेल, म्हणाले. मी तिथं सगळ्यांदेखत हसले. इतकी वर्षं मला ती तुमची थाप वाटत होती! संध्याकाळी तुम्हाला फोन करून सांगितलं, तर तुम्ही गप्पच झालात. मी समजले, नेटवर्क गेलं.

मंगळवारी काय झालं ते तुम्ही आईकडून अर्धंमुर्धं ऐकलंय, आता पूर्ण ऐका. आमच्या लाइनवर ब्रेकचे बोल्ट आवळले जातात. आवळणारं यंत्र बरोबर ‘टिक’ करत होतं, हिरवा दिवा लागत होता, पण पुढं आलेला एक बोल्ट माझ्या नुसत्या बोटांनी फिरला. दुसरा फिरला. तिसराही फिरला. लाइन लीडरला सांगितलं, तर तो म्हणाला, दिवा हिरवा आहे ना, चालू दे, टार्गेट आहे. अण्णा, ते ब्रेक आहेत. कुणीतरी त्या गाडीत बायकापोरं बसवून घाट उतरणार आहे. मी दोरी ओढली. बावीस मिनिटं लाइन उभी राहिली. तेवढ्यात त्यांनी यंत्र गुपचूप दुरुस्त केलं. म्हणजे बिघाड होता! पण सकाळपासून भरलेली खोकी स्टोअरमध्ये पडली आहेत, ती उघडायची तर बोभाटा होणार. म्हणून मला टाइप केलेला कागद दिला: ‘माझ्याकडून अनवधानाने दोरी ओढली गेली. मालात दोष नव्हता. क्षमस्व.’ सोमवारी दहा वाजेपर्यंत सही, नाहीतर गेटपास जमा. मी सही केली की खोकी ट्रकमध्ये चढणार.

आणि बुधवारी फोन आईला देण्याआधी तुम्ही काय म्हणालात? “सही करून टाक. पोरीच्या जातीनं इतकं ताणू नये.” पोरीच्या जातीनं! हे कोण बोलतंय? ज्यानं एका पोरीकडून सात समुद्र थांबवून घेतले तो माणूस! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला धीट करायचं नव्हतं तर पुतळाबाईला आधीच स्वयंपाकघरात बसवायचं होतंत. तिला वादळात पाठवलंत, मला तिच्या मागून धावायला शिकवलंत, आणि आता मी धावले तर म्हणताय, हळू, लोक बघताहेत. एवढ्यावर थांबला असतात तरी मी गिळलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी तुम्ही स्वरूपाला मांडीवर घेऊन सांगितलंत की पुतळाबाईनं दोरी ओढली, चूक काहीच निघाली नाही, सगळे रागावले, मग तिनं समुद्राच्या राजाला हात जोडले आणि राजानं तिला मोठ्या मनानं परत कामावर घेतलं. मोठ्या मनानं! ते खोटं आहे हे त्या लेकरालासुद्धा कळलं, अण्णा. मी तिला विचारलं, मग आजोबांनी बोटं मोजायला लावली का? ती म्हणाली, नाही, आजोबा मध्येच उठून गोठ्यात गेले.

ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. बोटं न मोजता तुम्ही गोष्ट कधीच संपवली नव्हती. म्हणून काल, शनिवारी, मी गावात येऊन गेले. हो, आले होते, आणि घरी आले नाही. आईला वाईट वाटेल, तिला मी नंतर समजावीन. मी गेनूकाकांकडे गेले होते, तुमच्या कारखान्यातल्या जोडीदाराकडे, ज्यांच्या नावाच्या खलाशाची बोटं आपण दोनदा मोजायचो. लहानपणापासून त्यांचा उजवा हात मी टॉवेलाखालीच पाहिलाय. विचारलं की घरात एवढंच सांगायचे, यंत्रात गेली चार बोटं. काल मी सरळ विचारलं आणि त्यांनी सरळ सांगितलं. “तुझा बाप दोरीपाशीच हुता पोरी. पट्ट्यात माझी बाही आडाकली ती त्यानं बघितली. हात दोरीला लागला हुता त्याचा. पर आदल्याच दिशी एकानं दोरी ओढली म्हनून साहेबानं त्याला गेटाभाईर काढलं हुतं. तू चार वर्साची, घरात खानारी तोंडं. तुझा बाप थांबला, पाच आकडं मोजस्तवर. तेवढ्यात झालं. नोकरी सोडाय निघाला हुता, मीच न्हाई म्हनलो.” मग टॉवेल बाजूला करून ते म्हणाले, “मी त्याला कवाच माफ केलंय. त्योच माज्याकडं बघत न्हाई.”

म्हणजे इतकी वर्षं ओट्यावर बसून आपण हे करत होतो. मी मोजत होते आणि तुम्ही रोज नव्यानं वेळेवर दोरी ओढत होता. मला सांगायचं होतंत, अण्णा. मी लहान होते तेव्हा नाही, पण निदान त्या फोनवर, जेव्हा तुम्ही गप्प झालात. माझा राग गेला असं समजू नका, तो आहे तसाच आहे. फक्त आता मला कळलंय की तुम्ही बुधवारी मला घाबरवत नव्हता, तुम्हीच घाबरला होता. म्हणून हे पत्र आजच गेनूकाकांकडे पोचवून त्यांच्या हाती तुम्हाला पाठवतेय. ते देतील तेव्हा त्यांच्या हाताकडे बघा. त्या टाइप केलेल्या कागदावर मी सही करणार नाही. त्याच्या पाठीमागं मी पाहिलं ते लिहिलंय, किती वाजता, कुठला बोल्ट, कुठली खोकी, आणि त्याखाली माझी सही आहे. सोमवारी साडेनऊला मी गेटवर असेन. गेनूकाका म्हणाले, मीबी येतो, साहेबाला हात दाखवतो. त्यांची सहा आणि माझी दहा, सोळा बोटं होतात. तुम्ही आलात तर सव्वीस होतील.

तुमचीच, अजून रागावलेली,
रोहिणी