जमा केलेलं सामान

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आमच्या कंपनीत लावून देईन या माझ्या शब्दावर तुझी लेक पुढच्या महिन्यात राजीनामा देणार, हे तू काल फोनवर इतक्या आनंदाने सांगितलंस की खरं ते सांगायचं राहूनच गेलं, म्हणून लिहिते. तिला हातातली नोकरी सोडू देऊ नकोस. इथे आता जागा नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत इतकी भरती झाली की खुर्च्या भाड्याने आणाव्या लागल्या. यंदा कामावरून कमी केलेल्या माणसांकडून कंपनीचं सामान जमा करून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. एका प्रोग्रामरने विचारलं, "मॅडम, माउसपण?" मी म्हटलं, "माउसपण."

शुक्रवारच्या यादीत माझं नाव निघालं. सामान घ्यायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं, तेव्हा मीच घेतलं. रडले वगैरे नाही. जेवण वेळेवर होतं.

तुझा गुडघा कसा आहे? व्यायाम करतेस, की करते म्हणून नुसतं सांगतेस?

तुझी ताई

ता. क. पोचपावती उतरवून देते, लेकीला दाखव. लॅपटॉप एक, चार्जर एक, माउस एक, ओळखपत्र एक. देणार, मी. घेणार, मी. तपासून घेतलं; सर्व सुस्थितीत.